मनाविरुद्ध मनोरुग्णालयात ठेवले असेल तर: सुटकेसाठी कायद्याने काय करता येते

‘अहो, तो वेडा नाहीच!’ मनाविरुद्ध दाखल केलेल्या माणसासाठी धावपळ करणारे बहुतेक जण या वाक्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. आजार आहे की नाही, यावर डॉक्टरांशी वाद घालत बसलात तर त्यांच्या मैदानावर त्यांच्याशी कुस्ती खेळल्यासारखे होते. कायद्याचा प्रश्न वेगळा आहे. आजार असेलही, पण या माणसाला आज त्याच्या इच्छेविरुद्ध आत ठेवावे इतके कारण आहे का? आणि ते कारण ठरवून दिलेल्या कागदांवर, ठरवून दिलेल्या दिवसांत नोंदले आहे का? लढायचे ते या दोन प्रश्नांवर. त्यासाठी लागते एक कॅलेंडर, दाखल करतानाच्या कागदांच्या प्रती आणि एक पानी अर्ज.

भारतात हे सगळे चालते मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याआधीच्या १९८७ च्या कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या ‘रिसेप्शन ऑर्डर’वर माणसाला आत पाठवता येई. अजूनही काही वकील आणि पोलिस ठाणी त्याच भाषेत बोलतात. तुमच्या वकिलाने ती ऑर्डर मागायची भाषा केली तर त्याच्या हातात नवा कायदा ठेवा. आता हे निर्णय तपासते मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. ते एका जिल्ह्यासाठी किंवा काही जिल्ह्यांना मिळून एक असे असते.

पहिले काम: कोणत्या कलमाखाली ठेवले आहे ते विचारा

कलम २२ प्रमाणे आत असलेल्या माणसाला आणि त्याच्या ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ला, म्हणजे कायद्याने त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला, हे विचारायचा हक्क आहे: कोणत्या तरतुदीखाली दाखल केले, त्यासाठीचे निकष काय, आणि मंडळाकडे अर्ज करायचा हक्क आहे हे सांगितले का? उत्तर त्याला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. ‘डॉक्टरसाहेब राउंडला आले की सांगतील’ हे उत्तर नव्हे. लेखी मागा, आणि दिले नाही तर मागितल्याची तारीख, वेळ आणि कोणाला विचारले ते वहीत लिहून ठेवा.

उत्तर साधारण पुढीलपैकी एक असते. कलम ८६, म्हणजे स्वतःच्या इच्छेने दाखल. कलम ८७, म्हणजे १८ वर्षांखालील मूल. कलम ८९, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून ३० दिवसांपर्यंत दाखल करणे, ‘सपोर्टेड ॲडमिशन’. इच्छेविरुद्धची बहुतेक प्रकरणे याच सदरात येतात. कलम ९०, म्हणजे त्यापुढचा मुक्काम. कलम १०२, म्हणजे मॅजिस्ट्रेटचा आदेश. त्याखाली तपासणीसाठी जास्तीत जास्त १० दिवस ठेवता येते आणि मग रुग्णालयाला मॅजिस्ट्रेटकडे अहवाल द्यावा लागतो. कलम ९४ हे फक्त तातडीच्या उपचाराचे आहे आणि त्याची मुदत साधारणपणे ७२ तासांची. त्या कलमाखाली शॉक देता येत नाही. आणखी एक शक्यता अशी की कोणतेच कलम सांगता येत नाही, कारण कागदच केलेला नाही. ती शक्यता तुमच्या बाजूची आहे. तिच्याबद्दल पुढे.

कागदावर ‘स्वेच्छेने’ असेल तर

भरतीच्या वेळी घाबरलेल्या, गुंगीत असलेल्या माणसाची फॉर्मवर सही घेतली जाते आणि तो कागदोपत्री ‘स्वतंत्र रुग्ण’ होतो. घरच्यांना वाटते की सही केली म्हणजे संपले. प्रत्यक्षात हा दरवाजा सर्वांत लवकर उघडतो. कलम ८८ प्रमाणे असा रुग्ण ‘मला जायचे आहे’ म्हणाला की त्याला लगेच सोडावे लागते. एका साध्या कागदावर एवढे पुरे:

‘मी कलम ८६ खाली दाखल आहे. मला आज, दि. … रोजी, सकाळी … वाजता डिस्चार्ज हवा आहे. कृपया पोच द्यावी.’

वेळ लिहायला विसरू नका. कारण डॉक्टरला त्याला रोखून धरता येते, पण फक्त २४ तास, आणि तेही कलम ८९ चे निकष लागतात का हे तपासण्यापुरते. या २४ तासांत एकतर कलम ८९ ची पूर्ण प्रक्रिया व्हायला हवी किंवा माणूस बाहेर यायला हवा. वेळ लिहिलेली नसेल तर हे २४ तास रबरासारखे ताणले जातात. पोच देत नसतील तर तोच मजकूर रुग्णालयाच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा. तिथे वेळ आपोआप नोंदते.

कलम ८९: इथे प्रत्येक शब्द मोजायचा

या कलमाखाली दाखल करायला प्रतिनिधीचा अर्ज लागतो. दोन जणांनी, दाखल करायच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत, स्वतंत्रपणे तपासणी केलेली असावी लागते. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा डॉक्टर चालतो. दोघांनाही स्वतंत्रपणे असे वाटायला हवे की आजार इतका तीव्र आहे की त्या माणसाने अलीकडे स्वतःला इजा करायची धमकी दिली किंवा तसा प्रयत्न केला; किंवा तो दुसऱ्याशी हिंसक वागला, कोणाला आपल्यापासून इजा होईल अशी भीती त्याने निर्माण केली; किंवा स्वतःची काळजी घेणे त्याला इतके जमत नाही की त्यातून त्यालाच धोका आहे.

एवढ्यावर भागत नाही. यापेक्षा कमी बंधनाचा दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता, हेही प्रमाणित करावे लागते. त्या माणसाने आगाऊ निर्देशपत्र, म्हणजे आजारपणात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहिलेला कागद, करून ठेवले असेल तर ते विचारात घ्यावे लागते. आणि त्याला स्वतःचे निर्णय स्वतः घेता येत नव्हते, प्रतिनिधीच्या खूप मोठ्या आधाराची गरज होती, हेही दाखवावे लागते.

आता कागद हातात घेऊन बघा. सर्वांत जास्त भोके इथे सापडतात:

• दोन तपासण्यांच्या नोंदी शब्दशः सारख्या आहेत का? मग ‘स्वतंत्रपणे’ कुठे राहिले? दोन्ही सह्या एकाच वेळेच्या असतील तर तेही लिहून घ्या.

• ‘अलीकडे’ या शब्दाला आधार देणारी घटना आणि तारीख आहे का? ‘घरात त्रास देतो’, ‘रात्रभर जागतो’, ‘नोकरी सोडली’, ‘आंघोळ करत नाही’ या तक्रारी आहेत. त्यातून धोका कसा, हे लिहिलेले नसेल तर निकष पूर्ण होत नाही. दोन वर्षांपूर्वीचा आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे ‘अलीकडे’ नव्हे.

• जुनी फाइल दाखवून दाखल केले का? पूर्वी उपचार झाले होते एवढ्यावरून आज आजार आहे असे ठरवता येत नाही, असे कलम ३ स्पष्ट म्हणते.

• कमी बंधनाचा मार्ग, म्हणजे ओपीडी, घरी जाऊन उपचार, बहिणीकडे राहणे, यांचा विचार केल्याची एक तरी ओळ आहे का? बहुतेक फॉर्मांत फक्त छापील वाक्यावर टिकमार्क असतो.

• निर्णयक्षमता कशी तपासली? कलम ४ प्रमाणे माहिती समजणे, निर्णयाचे परिणाम उमजणे आणि निर्णय कसाही, अगदी खुणेनेही, सांगता येणे हे बघायचे असते. निर्णय इतरांना चुकीचा वाटतो म्हणून क्षमता नाही असे म्हणता येत नाही. ‘गोळ्या घ्यायला नकार देतो, म्हणून समज नाही’ असे लिहिले असेल तर त्या वाक्याखाली लाल रेघ ओढा.

कलम ३ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि आपल्याकडे ती वारंवार लागते. समाजाच्या, घराच्या, धर्माच्या रीतीप्रमाणे न वागणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. आंतरजातीय लग्न, घर सोडून जाणे, कोणाबरोबर राहायचे याचा निर्णय, राजकीय काम या कारणांनी मुलीला किंवा मुलाला ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून दाखल केले असेल तर अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात हे कलम टाका. एका प्रौढ तरुणीला आईवडिलांनी जबरदस्तीने उचलून खासगी रुग्णालयात ठेवल्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते ठेवणे बेकायदा ठरवले. तो निकाल १९८७ च्या जुन्या कायद्याखालचा आहे, पण प्रौढ माणसाच्या स्वातंत्र्याबद्दल त्यात जे म्हटले ते आजही उपयोगी पडते.

तारखांचे गणित

समजा एका बाईला ३ जूनला कलम ८९ खाली दाखल केले. तपासण्या २७ मे ते ३ जूनच्या आत व्हायला हव्यात. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर रुग्णालयाने मंडळाला तीन दिवसांत कळवायचे, म्हणजे ६ जूनपर्यंत. पुरुष असता तर सात दिवस, म्हणजे १० जून. दर सात दिवसांनी तिची संमती द्यायची क्षमता पुन्हा तपासून फाइलमध्ये नोंद करायची. १०, १७ आणि २४ जूनच्या आसपासच्या नोंदी शोधा. दाखल झालेला दिवस धरला तर २ जुलैला ३० दिवस संपतात. त्या दिवशी, किंवा निकष लागू नाहीत असे आधीच दिसले तर त्याच दिवशी, तिला ‘रुग्ण’ म्हणून अडवून ठेवायचा अधिकार संपतो. पुढे ठेवायचे असेल तर कलम ९० ची नवी प्रक्रिया लागते. ‘मागचाच फॉर्म पुढे चालू’ असे काही कायद्यात नाही.

रुग्णालयाने मंडळाला कळवलेच नाही, हे वारंवार घडते. सरकारी रुग्णालय असेल तर माहितीच्या अधिकारात विचारा: ‘कलम ८९(९) खालचा अहवाल मंडळाला कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पाठवला?’ माहिती व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. हे अर्जात मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर नेहमीच्या ३० दिवसांच्या रांगेत जाल. अर्जावर आतल्या माणसाची सही असली तर ‘त्रयस्थाची खासगी माहिती’ हे कारण पुढे करता येत नाही.

प्रतिनिधी बदला

या सगळ्यात सर्वांत कमी वापरलेले आणि सर्वांत धारदार हत्यार हे. कलम ८९ खाली दाखल करणारा असतो ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’. आधी कोणाला नेमलेले नसेल तर कायद्याच्या क्रमाप्रमाणे नातेवाईक तो होतो, म्हणजे बहुतेक वेळा दाखल करणारा नवरा, बाप किंवा भाऊच. मग डॉक्टर म्हणतात, ‘घरच्यांशिवाय कोणाशी बोलणार नाही.’

पण प्रतिनिधी कोण हे ठरवायचा पहिला हक्क त्या माणसाचा आहे, आणि तो नेमलेला प्रतिनिधी कधीही बदलू शकतो. कलम १४ प्रमाणे साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्यासह, ‘मी अमुक व्यक्तीला माझा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमतो’ एवढे लिहिले की झाले. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. नवा प्रतिनिधी अल्पवयीन नसावा, काम पेलणारा असावा, आणि त्याने ‘मला हे मान्य आहे’ असे लेखी देऊन ते डॉक्टरांपर्यंत पोचवावे. मैत्रीण, सहकारी, मावशी, कोणीही चालते. नात्याची अट नाही. ‘रुग्णाला नेमणूक करायची समजच नाही’ हा आक्षेप येईल. त्यावर कलम १४ मधलाच खुलासा वाचून दाखवा: मानसिक आजार असलेल्या सर्वांना निर्णयक्षमता आहे असे कायदा धरून चालतो, आधाराची गरज कमीजास्त असते एवढेच.

हा कागद दोन प्रतींत करा. एक रुग्णालयात देऊन पोच घ्या, दुसरी अर्जाला जोडा. आधीच्या प्रतिनिधीला हटवायचे आणि नेमायला कोणी नाही अशी स्थिती असेल तर मंडळाकडे नेमणूक मागता येते, आणि त्यावरही सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

मंडळाकडे अर्ज

अर्ज तो माणूस स्वतः, त्याचा प्रतिनिधी किंवा त्याच्या संमतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचा माणूस करू शकतो. फी नाही. वकील लागत नाही, पण घेता येतो. आतला माणूस लिहू शकत नसेल तर अपवादात्मक परिस्थितीत तोंडी किंवा फोनवरचा अर्जही मंडळ स्वीकारू शकते.

मंडळाचा पत्ता कुठे मिळेल? कायद्याप्रमाणे तो रुग्णालयाच्या भिंतीवरच, दिसेल अशा जागी, फोन नंबरासह लावलेला असायला हवा आणि वेबसाइटवरही. कलम ७२ इतकेच सांगून थांबत नाही. अर्जाचे फॉर्म देणे आणि मंडळाला मोफत फोन करू देणे हेही रुग्णालयावर बंधनकारक आहे. फलक नसेल तर मोबाइलवर त्या मोकळ्या भिंतीचा फोटो काढून ठेवा. सुनावणीत कामाला येतो.

नमुना असा ठेवा:

‘प्रति, अध्यक्ष, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, (ठिकाण).
विषय: कलम ८९(१०) खाली दाखल करण्याच्या निर्णयाचे पुनर्विलोकन.
अर्जदाराचे नाव, पत्ता, फोन: …
दाखल व्यक्तीचे नाव, वय, दाखल झाल्याची तारीख, रुग्णालय व वॉर्ड: …
हक्कभंग: (१) दोन स्वतंत्र तपासण्या झाल्या नाहीत. (२) अलीकडच्या कोणत्याही इजेची वा धोक्याची नोंद नाही. (३) कमी बंधनाचा पर्याय विचारात घेतला नाही. (४) मंडळाकडे अर्ज करण्याच्या हक्काची माहिती दिली नाही.
मागणी: (१) तात्काळ डिस्चार्जचा आदेश द्यावा. (२) तसे शक्य नसल्यास मी सुचवलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून फेरतपासणी करावी. (३) दाखल करतानाची सर्व कागदपत्रे रुग्णालयाकडून मागवावीत. (४) कलम ८० प्रमाणे सात दिवसांत निर्णय द्यावा.
तारीख, वेळ, सही.’

चारही हक्कभंग तुमच्या प्रकरणात नसतील. जे खरे आहेत तेवढेच लिहा. दहा मुद्दे लिहून त्यातले सात फुसके निघाले की उरलेले तीनही हलके होतात. सुनेचा छळ, इस्टेटीचा वाद, नणंदेचे बोलणे हे सगळे अर्जात कोंबायचा मोह होतो. ‘दाखल करणाऱ्या व्यक्तीशी मालमत्तेचा दावा प्रलंबित आहे, दावा क्रमांक अमुक’ एवढी एक ओळ पुरे. बाकी योग्य कोर्टात.

निर्णयाच्या मुदती अशा: कलम ८९ च्या अर्जावर आणि अल्पवयीनांच्या अर्जावर सात दिवस, कलम ९० च्या अर्जावर २१ दिवस, इतर तक्रारींवर ९० दिवस. म्हणून विषयाच्या ओळीत कलम अचूक लिहा. ‘रुग्णालयाबद्दल तक्रार’ असा विषय घातलात तर अर्ज ९० दिवसांच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो.

अर्जासोबतच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. देशभरातला नंबर १५१००. मनोरुग्णालयात असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो, आणि कलम २७ प्रमाणे हे त्याला सांगायची जबाबदारी डॉक्टर, पोलिस आणि मॅजिस्ट्रेट या सगळ्यांवर आहे. रुग्णालय भेटू देत नसेल तर कलम २६ दाखवा: भेटी आणि फोन यांवरची बंधने वकील, प्रतिनिधी, न्यायाधीश, मंडळाचे सदस्य, आमदार आणि खासदार यांना लागू होत नाहीत. आमदाराचा फोन जातो तेव्हा वॉर्डाचा दरवाजा लवकर उघडतो, हे ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर वापरावे.

सुनावणी

सुनावणी माणूस जिथे दाखल आहे तिथेच होते, बंद दाराआड. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि दोन सदस्य असे, जे स्वतः आजारातून गेलेले, काळजीवाहक किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे असतात. ज्याचा प्रकरणाशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध आहे असा सदस्य बसू शकत नाही. मंडळातला मानसोपचारतज्ज्ञ त्याच रुग्णालयाशी जोडलेला असेल तर सुरुवातीलाच हरकत नोंदवा, निकाल लागल्यावर नको. दुसऱ्या बाजूने दिलेला प्रत्येक कागद पाहण्याचा आणि प्रत घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. ‘केस पेपर गोपनीय आहेत’ हे उत्तर त्याच माणसाच्या बाबतीत चालत नाही.

आतल्या माणसाला स्वतः बोलायचा हक्क आहे, आणि बहुतेक प्रकरणांचा निकाल त्या दहा मिनिटांत झुकतो. तयारी त्यासाठी करा. औषधांची गुंगी सकाळी असते की दुपारी, ते विचारून सुनावणीची वेळ मागा. बोलताना जीभ जड झाली, हात थरथरले तर ‘हा औषधाचा परिणाम आहे’ असे सुरुवातीलाच सांगून टाकावे. ‘मला काहीच झालेले नाही, हे सगळे कटकारस्थान आहे’ यापेक्षा ‘मे महिन्यात मी आठ दिवस झोपलो नव्हतो, आता झोप लागते, मी ओपीडीत येईन’ हे वाक्य मंडळाला जास्त पटते. आजार मान्य करणे म्हणजे हरणे, असे अनेक वकीलही समजतात. ती चूक महागात पडते.

मंडळाला पाहिजे असते ते बाहेरचे चित्र. म्हणून एक पान तयार ठेवा: बाहेर आल्यावर राहणार कुठे, सोबत कोण, औषधे कोण देणार, ओपीडीची पहिली तारीख आणि डॉक्टरचे नाव, पुन्हा बिघडले तर कोणाला फोन करायचा. सोबत राहणारी व्यक्ती स्वतः हजर असेल तर फार उत्तम. हे पान ‘कमी बंधनाचा पर्याय’ या निकषाला दिलेले उत्तर आहे.

‘घरचे न्यायला तयार नाहीत’ हे रुग्णालयाचे आवडते कारण. कलम १९ त्याला सरळ छेद देते: कुटुंब नाही, कुटुंबाने नाकारले, घर नाही किंवा बाहेर सोयी नाहीत, एवढ्या कारणासाठी कोणालाही आत ठेवता येत नाही. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला कौटुंबिक घरात राहण्याचा हक्क बजावण्यासाठी सरकारने मदत करायची आहे, हेही तिथेच लिहिले आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला जाब विचारला तो याच कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल. बरे होऊनही माणसे वर्षानुवर्षे मनोरुग्णालयातच राहतात, हा त्यातला मोठा मुद्दा होता. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतल्या जुन्या रुग्णासाठी अर्ज करत असाल तर कलम १९ हाच कणा ठेवा.

सुनावणी संपल्यावर पाच दिवसांत लेखी निर्णय मिळायला हवा.

३० दिवसांनंतर: कलम ९०

इथे दोन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते; साधा डॉक्टर चालत नाही. सात दिवसांत मंडळाला कळवावे लागते आणि मंडळाने २१ दिवसांत परवानगी तरी द्यायची किंवा सुटकेचा आदेश. पहिल्यांदा कमाल ९० दिवस, मग १२०, मग दर वेळी १८०. दर पंधरवड्याला क्षमतेची फेरतपासणी.

एक पळवाट इथे वापरली जाते. ३० व्या दिवशी कागदोपत्री डिस्चार्ज, आणि दोन दिवसांनी पुन्हा नवे कलम ८९. सात दिवसांच्या आत पुन्हा दाखल केले तर ते कलम ९० खालीच मोजले जाते. डिस्चार्ज कार्डवरच्या तारखा जुळवून बघा.

उच्च न्यायालय

मंडळाचा निर्णय विरोधात गेला तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. दिवाणी न्यायालयात मात्र जाऊ नका. त्याला हे विषय ऐकायचा अधिकार नाही.

पण काही प्रकरणांत मंडळाची वाट बघायचीच नसते. माणूस कुठे ठेवलाय हे सांगत नाहीत. केंद्राची नोंदणीच नाही. कोणत्याही कलमाचा कागद नाही. ३० दिवस उलटूनही कलम ९० ची प्रक्रिया नाही. मंडळ बसतच नाही. अशा वेळी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली हेबिअस कॉर्पस याचिका, म्हणजे ‘कोंडून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा’ अशी मागणी करणारी याचिका, करा. ती मित्रही करू शकतो, प्रतिनिधी असावे लागत नाही. याचिकेला मंडळाकडे केलेल्या अर्जाची पोच जोडलीत तर ‘आधी मंडळाकडे का गेला नाहीत?’ या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर तयार असते. बेंच नीट बघा: पुणे आणि ठाण्यासाठी मुंबई, विदर्भासाठी नागपूर, मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर, गोव्यासाठी पर्वरी, आणि ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरसाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच.

खर्च किंवा अंतर परवडत नसेल तर जवळच्या प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली अर्ज करता येतो. बेकायदा कोंडून ठेवलेल्या माणसाला शोधून हजर करायचे वॉरंट त्यातून निघते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे (सीआरपीसी) कलम ९७ ते हेच. जिथे कायद्याचा कागदच नाही तिथे हा रस्ता चालतो. रुग्णालयाकडे कलम ८९ ची पूर्ण फाइल असेल तर मॅजिस्ट्रेट बहुधा मंडळाकडेच बोट दाखवील.

व्यसनमुक्ती केंद्रे

रात्री गाडी येते, चार जण उचलून नेतात, आणि तीन महिने फोन बंद. घरच्यांनी पैसे भरलेले असतात आणि त्यांना वाटते हे कायदेशीरच आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थिती या कायद्याच्या ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत येतात. त्यामुळे असे लोक ठेवणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते आणि कलम ८६ किंवा ८९ चाच रस्ता धरावा लागतो. ‘आमचा ९० दिवसांचा कोर्स आहे’ असे कोणतेही कलम नाही. घरच्यांशी केलेला करारनामा त्या माणसाच्या स्वातंत्र्याच्या जागी चालत नाही. साखळी बांधणे आणि एकांतकोठडी दोन्ही बंद आहेत; बांधून ठेवणे अगदी तातडीच्या धोक्यातच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण आणि वेळ नोंदवून, आणि २४ तासांत प्रतिनिधीला कळवून.

इथे पहिला प्रश्न एकच विचारा: ‘नोंदणी प्रमाणपत्राची प्रत द्या.’ नसेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तक्रार, आणि कोंडून ठेवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली पोलिसांत फिर्याद. पोलिस ‘घरगुती मामला’ म्हणतील. मग वर सांगितलेला मॅजिस्ट्रेटचा रस्ता.

सावध राहा

कधीकधी दाखल करणे बरोबर असते. माणूस खरोखर जिवाच्या धोक्यात असेल तर सुटकेऐवजी दुसरे काही मागा: दुसऱ्या रुग्णालयात बदली, दुसऱ्या डॉक्टरचे मत, भेटी, फोन, शॉकला हरकत, काही दिवसांची रजा. हेही सगळे मंडळाकडेच मागता येते. बाहेर आल्यावर औषधे एकदम बंद करू नका. तसे केल्याने माणूस पुन्हा कोसळतो आणि पुढच्या अर्जात ‘मागच्या वेळी सोडले आणि आठ दिवसांत परत आणावे लागले’ ही ओळ कायमची चिकटते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

डिस्चार्ज मिळाल्यावर कार्ड, औषधांची यादी आणि दाखल करतानाच्या फॉर्मांच्या प्रती मागून घ्या. कलम २५ खाली तो हक्क आहे. कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, पण ती तक्रार सुटकेच्या अर्जात मिसळू नका.

त्यानंतर, माणूस शांत असताना, आगाऊ निर्देशपत्र करून ठेवा: पुन्हा आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि प्रतिनिधी कोण. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, मंडळाकडे नोंदवा, फी लागत नाही. एक प्रत प्रतिनिधीकडे आणि एक नेहमीच्या डॉक्टरच्या फाइलमध्ये ठेवा. कपाटात ठेवलेली प्रत रात्री दोन वाजता वॉर्डाच्या दारात कोणाच्या हाती लागत नाही.